उरलेला वर्ख

नगरभवनात शिरलात की डाव्या हाताला
काळ्या लाकडाचा फलक दिसेल, छतापर्यंत.
वाखफोंतेनचे एकवीस महापौर, सोनेरी अक्षरांत.
(वाखफोंतेन, म्हणजे वाट पाहणारा झरा.
कुणाची, ते नकाशात नाही.)
पहिला ओस्थाउझन, ज्याने लोकर विकून चर्च बांधलं
आणि चर्चच्या नावावर झरा घेतला.
मग लेविन, शहामृगाच्या पिसांचा व्यापारी:
समुद्रापारच्या बायकांनी टोप्या बदलल्या
आणि तो एका हिवाळ्यात कफल्लक झाला,
तरी दर शुक्रवारी मागच्या दाराने पाव वाटत राहिला.
मग डॉक्टर क्रू. त्याच्या दवाखान्याला दारं दोन होती.
एवढंच सांगते.

ही नावं माझ्या आजोबांच्या हातची.
एझाउ फेब्रुआरी, पाटीवाला.
आडनाव महिन्याचं, कारण कुणा खापरपणजोबाला
जहाजातून उतरवलं तेव्हा तो महिना चालू होता
आणि कारकुनाला घाई होती.

वर्खाची वही यायची केपटाउनहून, टपालाने.
पंचवीस पानं, श्वास सोडला तरी उडतील अशी.
खारीच्या केसांचा कुंचला ते आधी गालावर फिरवायचे,
गालाचं तेल लागलं की वर्ख त्याला बिलगतो.
म्हणून निवडणुकीनंतर आठवडाभर
त्यांचा उजवा गाल चमकायचा
आणि आजी म्हणायची, या महापौर, जेवून घ्या.

पासष्ट साली ट्रक आले.
आम्हाला रुळांपलीकडे नेऊन सोडलं,
जिथे झाड नव्हतं, नळ एक होता.
त्याच आठवड्यात बोलावणं: टर्ब्लांश, नवे महापौर,
शनिवारपर्यंत नाव हवं.
ट्रकांच्या कागदावर सही त्याचीच होती.
आजोबा गेले. शिडी स्वतः वाहून नेली.
मी नऊ वर्षांची. विचारलं,
हात थरथरला नाही?
म्हणाले, थरथरला असता तर वर्ख वाया गेला असता.
कितीतरी वर्षं मी त्यांना या वाक्याबद्दल माफ केलं नाही.

पुढे नगरभवनात साफसफाईला लागले तीच शिडी घेऊन.
धूळ पुसताना नाक फलकाला टेकलं तेव्हा कळलं:
टर्ब्लांशपासून पुढची सगळी अक्षरं
लांबून भरदार, जवळून काडीएवढी.
बाकीची जाडी नुसती पिवळ्या रंगाची,
कडेला काळी सावली देऊन फुगवलेली.

मग रुळ ओलांडून जा कधी.
रॉकेलचे डबे ठोकून सपाट केलेल्या पाट्या,
वाऱ्याने कलंडलेल्या, आणि त्यांवर ठसठशीत सोनं:
क्लास स्वार्टबोय, जो जमिनीला कान लावून पाणी ऐकायचा
आणि सतराव्या विहिरीतून वर आला नाही.
लेया आरीस, सुईण. फलकावरचे चार जण
पहिल्यांदा रडले ते तिच्या हातांत.
नोन्त्सोकोलो माकेलेनी, धोबीण,
गावातल्या प्रत्येक चादरीचं तिला माहीत होतं,
बोलली एकही नाही.
आणि एक तान्हं, नाव ठेवण्याआधी गेलेलं.
त्याच्या पाटीवर सोन्याचं फक्त एक टिंब,
पण पूर्ण, गोल, जाड.

परवा नगरपालिकेचा पोरगा आला, टाय लावलेला.
फलक काढायचाय म्हणाला, की दुरुस्त करायचाय, ठरलेलं नाही.
याच्यावर सोनं किती असेल, मावशी?
म्हटलं, थोडं कमी भरेल.
तो लिहून घेत होता.

आजोबांच्या वेळेला वही संपलेली होती.
त्यांची पाटी काकाने केली, दाराच्या उरलेल्या हिरव्या रंगाने.
अंदाज चुकला, एका ओळीत मावलं नाही.
एझाउ फेब्रुआ
री